फोर्ड गाडीचे हँडल

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आपल्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरविण्यात आले होते, हे विद्यार्थ्यांस स्मरत असेल. कोणी पितळेचा अडकित्ता आणिला होता, कोणी पायलीचे माप, कोणी दगडी पाटी. एका विद्यार्थिनीने पणजीचे जाते रिक्षात घालून आणिले व ते उतरविण्यास दोघे शिपाई लागले. आम्हीही घरून एक वस्तू नेली होती. ती म्हणजे दोन ठिकाणी काटकोनात वळविलेला एक जाड लोखंडी दांडा. त्याच्याखाली आम्ही चिठ्ठी लाविली होती : 'फोर्ड मोटारीचे हँडल, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे.'

सहावीतील एक विद्यार्थी त्या टेबलापाशी बराच वेळ उभा होता. त्याने दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहिला, आणि मग विचारिले, "सर, ही गाडी तुमच्या आजोबांची होती का?"

आम्ही म्हणालो, "होय."

"मग चालवायला ड्रायव्हर होता?"

"होता," असे आम्ही म्हणालो, व पुढच्या टेबलाकडे वळलो.

या दोन उत्तरांपैकी पहिले खोटे होते. दुसरे खरे होते, परंतु त्याचा उपयोग आम्ही पहिले झाकण्यासाठी केला, म्हणून ते पहिल्याहून वाईट. गाडी आमच्या आजोबांची नव्हती. ती मिशनच्या एका साहेबांची होती, आणि तो ड्रायव्हर म्हणजेच आमचे आजोबा. पेत्राने प्रभूस नाकारिले तेव्हा निदान त्याच्या जिवावर बेतले होते. आमच्यापुढे तर बारा वर्षांचा एक मुलगा उभा होता, आणि त्याचे वडील रिक्षा चालवितात हे आम्हांस ठाऊक होते.

त्या उत्तराची दुरुस्ती करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. परंतु ती करण्यापूर्वी गाडीची हकीकत सांगणे अवश्य आहे. गाडी कशी होती हे कळल्याखेरीज तिच्या तोंडाशी वाकून हँडल मारणारा मनुष्य कोण होता, हे कळावयाचे नाही.

कोल्हापूरच्या मुलांस जुनी मोटार म्हटली की नव्या राजवाड्यातील मायबाख आठवते. राजाराम महाराजांच्या वेळची ही जर्मन गाडी दसऱ्याच्या सोहळ्यास बाहेर निघते, तेव्हा दसरा चौकात तिला पाहण्यास गर्दी लोटते. ती राजाची गाडी, राजाला शोभावी अशीच घडविलेली. आम्ही सांगतो ती गाडी नेमकी याच्या उलट होती. ती शेतकऱ्याला परवडावी म्हणून घडविलेली होती. तिचे नाव 'मॉडेल टी'. हेन्री फोर्ड यांच्या डेट्रॉइट येथील कारखान्यातून ती १९०८ च्या ऑक्टोबरात बाहेर पडली. तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. इतर गाड्यांच्या मानाने ती स्वस्तच, पण मजुराच्या आवाक्यातील नव्हे. नवल पुढे झाले. सर्व वस्तूंच्या किमती चढत असता हिची किंमत वर्षानुवर्षे उतरत गेली, ती इतकी की १९२५ साली साधी दोन आसनांची गाडी २६० डॉलरांस मिळू लागली.

हे कसे साधले? डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली फोर्ड यांनी एक युक्ती योजिली. पूर्वी गाडी एका जागी उभी असे व कामगार सामान घेऊन तिच्याभोवती फिरत. आता कामगार आपल्या जागी उभा राहिला, आणि गाडीच साखळीने ओढली जाऊन त्याच्यापुढून सरकू लागली. एकाने नट बसवावयाचा, दुसऱ्याने तो आवळावयाचा. गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागत असे, तो १९१४ साली ९३ मिनिटांवर आला. त्याच सुमारास गाडीचा रंगही एकच ठरला. १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी काळ्या रंगाखेरीज मिळत नसे, कारण काळा रंग स्वस्त व टिकाऊ. १९२७ च्या मे महिन्यात हे मॉडेल बंद करण्याचे ठरले, तेव्हा दीड कोटीवी गाडी कारखान्याबाहेर आली होती. हा उच्चांक १९७२ पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलने तो ओलांडिला.

तथापि दिवसभर एकच नट आवळणाऱ्या मनुष्याचे काय झाले, हेही विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. कामगार कंटाळून निघून जाऊ लागले. सुमारे चौदा हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी एका वर्षात पन्नास हजारांवर माणसे घ्यावी लागली. तेव्हा १९१४ च्या जानेवारीत फोर्ड यांनी आठ तासांचा दिवस व पाच डॉलर रोज जाहीर केला. ही मजुरी पूर्वीच्या दुपटीच्या घरात जात होती. (पाच डॉलरांच्या रोजाने २६० डॉलरांची गाडी किती दिवसांच्या मजुरीत येते, हा हिशेब पाचवीच्या वर्गाने करून पाहावा.) मात्र हा रोज मिळण्यास कामगाराची वागणूक नीट असावी लागे, व ती पाहण्यासाठी कंपनीची माणसे त्याच्या घरी जाऊन चौकशी करीत. मजुरी भरपूर द्यावयाची, आणि तिच्यासोबत चुलीपर्यंत डोकावण्याचा हक्क घ्यावयाचा, हे आम्हांस रुचत नाही. याच फोर्ड यांच्या वर्तमानपत्राने १९२० नंतर कित्येक वर्षे ज्यू लोकांविषयी विषारी लेख छापिले व १९२७ साली त्यांना त्याबद्दल क्षमा मागावी लागली. ज्या लोकांत आपल्या तारकाचा जन्म झाला, त्यांच्याविषयी एका ख्रिस्ती म्हणविणाऱ्या मनुष्याने असे लिहवावे, ही गोष्ट त्यांच्या दीड कोटी गाड्यांनीही झाकली जात नाही. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींस याच फोर्ड यांनी १९४१ साली आदरपूर्वक पत्र लिहिले होते, आणि गांधीजींनी उलट भेट म्हणून त्यांना स्वतःची सही केलेला चरखा धाडिला.

हिंदुस्थानात ही गाडी येई ती अमेरिकेतून नव्हे, तर कॅनडातून. १९०४ साली स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांच्या विक्रीचा हक्क होता. म्हणून आपल्याकडील गाडीचे चाक उजव्या बाजूस असे. १९२६ साली फोर्डची हिंदी कंपनी निघाली व मुंबईत गाड्यांची जोडणी होऊ लागली. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढिली, आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. परंतु तो इतिहास निराळा.

आपल्या भागात रेव्हरंड वाइल्डर १८५२ साली आले. रेल्वे कोल्हापुरास पोहोचली १८९१ साली, आणि तीही मिरजेकडूनच. कोडोली, पन्हाळा, इस्लामपूर, निपाणी, आणि घाट उतरून वेंगुर्ले, रत्नागिरी, अशी मिशनची ठाणी पसरलेली. रुळांपासून दूर असलेल्या गावी टांगा, घोडे किंवा बैलगाडी यांवाचून गती नव्हती. अशा मुलखास मॉडेल टी मानवली याचे कारण तिची बांधणी. तिचे पोट जमिनीपासून बरेच उंच असे. तिच्या स्प्रिंगा आडव्या बसविलेल्या असत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात व दुसरे दगडावर असले तरी गाडी अंग मुरडून पुढे जाई. तिचे पोलाद हलके व चिवट होते. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन अवघ्या वीस अश्वशक्तीचे असून वेग फार तर ताशी चाळीस-पंचेचाळीस मैल. आणि किरकोळ दुरुस्ती हाताशी असलेला गावचा लोहारही करू शके. हा शेवटचा गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. आजच्या गाडीचे झाकण उघडून आमच्यासारखा मनुष्य नुसता पाहत राहतो.

आमचे आजोबा वयाच्या सतराव्या वर्षी, १९२६ साली, एका मिशन बंगल्यावर पाणी भरण्याच्या कामास लागले. साहेबांनी जुनी फोर्ड गाडी घेतली, तेव्हा ती धुण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यानंतर ते क्लीनर झाले, व दोन वर्षांनी ड्रायव्हर. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. परंतु त्या गाडीची कळ न कळ त्यांस पाठ होती. म्हातारपणी ओसरीवर बसून ते आम्हांस ती गाडी रिकाम्या हातांनी चालवून दाखवीत. पायांशी तीन पायटे असत. डावा पूर्ण दाबला की गाडी सावकाश, जोराने ओढीत चाले. तो सोडला की वेगाने जाई. मधला दाबला की मागे, उजवा दाबला की ब्रेक. पेट्रोल पायाने द्यावयाचे नव्हे, तर चाकाखालच्या एका दांडीने हाताने द्यावयाचे. तशीच दुसरी दांडी ठिणगी लवकर वा उशिरा पाडण्याची. आजच्या ड्रायव्हरास त्या आसनावर बसविले तर गाडी फाटकाबाहेरही निघणार नाही.

पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असे, व पेट्रोल आपल्या वजनाने उतरून इंजिनाकडे जाई, पंप नव्हता. त्यामुळे उभ्या चढणीवर टाकी अर्धीमुर्धी असली की इंजिन टाकीच्या वर जाई, पेट्रोल पोहोचत नसे, व गाडी गुदमरून बंद पडे. यावर उपाय एकच. गाडी वळवावयाची व पाठमोरी चढवावयाची. मागे जाण्याच्या गिअरला जोरही अधिक होता. पन्हाळ्याची चढण आजोबांनी अशी कित्येकदा उलटी चढविली. मान मागे वळवून, दरीकडे एक डोळा ठेवून, आत मडमसाहेब व त्यांची औषधांची पेटी. वाटेवरची गुराखी पोरे मागून धावत येऊन म्हणत, "म्हातारी पाठमोरी गडावर चालली!" हे सांगताना आजोबा इतके हसत की त्यांस ठसका लागे.

आता त्या हँडलाविषयी. विजेचा स्टार्टर या गाडीस १९१९ पासून मिळू लागला, परंतु साहेबांची गाडी त्यापूर्वीची होती. हँडल गाडीच्या तोंडाशी कायमचे बसविलेले असे. ते मारण्यापूर्वी ठिणगीची दांडी मागे ओढून ठेवावी लागे. ती ओढली नाही तर ठिणगी वेळेआधी पडे, आणि इंजिन उलटे फिरून हँडल हातावर आदळे. म्हणून जाणता मनुष्य अंगठा मुठीत न अडकविता बोटांच्याच बाजूस ठेवी. अशा झटक्याने मनगटे मोडलेली माणसे त्या काळी पुष्कळ होती.

आमच्या आजोबांचे उजवे मनगट वाकडे होते. आम्ही लहानपणी विचारिले की ते म्हणत, "माझा अंगठा चुकला." पुढे आजोबा वारल्यावर आमच्या वडिलांनी खरी हकीकत सांगितली. त्या सकाळी चाकावर साहेब स्वतः बसले होते. निघण्याची घाई होती. "ठिणगी मागे आहे ना, साहेब?" असे आजोबांनी विचारिले, व साहेबांनी मान हलविली, पण दांडी पुढेच राहिली होती. आजोबांनी त्याच हाताला पंचा बांधून गाडी इस्पितळापर्यंत नेली, कारण साहेबांस तो ओढा उतरविता येत नसे. साहेबांनी पुष्कळ दुःख केले, औषधपाणी केले, पगार चालू ठेविला. परंतु दांडी आपण विसरलो हे ते बोलले नाहीत. आजोबाही बोलले नाहीत. बंगल्यावर, मंडळीत व घरी 'अंगठा चुकला' एवढेच सर्वांस ठाऊक राहिले. पुढे कित्येक वर्षांनी साहेब स्वदेशी जाण्यास निघाले. त्यांनी आजोबांस एकट्यास बोलावून त्यांचे ते मनगट आपल्या दोन्ही हातांत धरिले, व बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी क्षमा मागितली की नाही, हे आजोबांनी वडिलांसही सांगितले नाही.

त्या वाकड्या मनगटाने आजोबांनी पुढे वीस वर्षे गाड्या चालविल्या. त्या पगारावर आमचे वडील मिशनच्या शाळेत शिकून शिक्षक झाले, आणि त्यांच्या पगारावर आम्ही पदवीधर झालो. महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा ती जुनी फोर्ड उभी राहिली, व अखेर मोडीत निघाली. मोड नेणाऱ्याकडून आजोबांनी हँडल तेवढे मागून घेतले. आमच्या घरी ते परसाच्या दाराला अडसर म्हणून वापरात होते. रात्री ते लाविल्याचा आवाज आल्याखेरीज आजीला झोप येत नसे.

प्रदर्शनानंतर तो विद्यार्थी आम्हांस रोज भेटतो. तो आता सातवीत आहे. गेल्या महिन्यात वर्गात निबंधाचा विषय 'माझे वडील' असा होता. त्याने पहिल्याच ओळीत वडील रिक्षा चालवितात असे लिहिले, आणि पुढे दोन पाने त्या रिक्षाचे इंजिन कसे चालते, ते लिहिले. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या एकोणीस चुका होत्या. त्या आम्ही लाल शाईने दुरुस्त केल्या. वही परत देताना आम्ही त्याला थांबवून सांगितले, की हँडलाविषयी आम्ही त्याला चुकीचे सांगितले होते, आणि तो ड्रायव्हर म्हणजे आमचेच आजोबा. त्याने थोडा विचार केला, व विचारिले, "मग सर, पंक्चर पण तेच काढायचे?"

आम्ही म्हणालो, "तेच काढावयाचे."

यंदाच्या प्रदर्शनात तो दांडा पुन्हा मांडावयाचा आहे. चिठ्ठी नवी लिहिली आहे. तिच्यावर गाडीच्या नावाखाली आजोबांचे नाव असून त्यापुढे 'ड्रायव्हर' असे लिहिले आहे. ज्या विद्यार्थ्यांस हँडल कसे धरावे हे पाहावयाचे असेल त्यांनी टेबलापाशी यावे. अंगठा कोणत्या बाजूस ठेवावयाचा ते आम्ही दाखवू.