चीक बसेपर्यंत

कुरडईचा व्हिडिओ करायचा तर आधी गव्हाची तब्येत सांभाळावी लागते. तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. दाणा चिमटीत दाबला की आतून दूध यायला हवं. ते आलं की वाटायचा, चोथा पिळून काढायचा, पातळ फडक्यातून गाळायचा आणि रात्रभर त्या पातेल्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी घट्ट, पांढराशुभ्र चीक. पाणी अलगद ओतून टाकायचं. जेवढा चीक तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं, त्यात धार धरून चीक सोडायचा आणि घोटत राहायचं. कच्चा पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की झाकण ठेवून वाफ आणायची आणि गरम असतानाच सोऱ्यात भरायचा.

एवढं सगळं मला निफाडकडच्या एका मावशींनी नाशकाच्या सिडकोतल्या आमच्या गच्चीवर शिकवलं. मी मोबाइल तिवईवर लावून उभी होते आणि त्या घोटता घोटता म्हणाल्या, "पोरी, ते यंत्र राहू दे जरा, आधी हात लाव. हात थांबला का गाठी झाल्याच म्हणून समज." मी घोटायला बसले. थोड्या वेळात मनगट भरून आलं. मावशी मात्र पायलीभर गव्हाचा चीक एकट्या घोटत होत्या, आणि तोंडाने नातवाच्या शाळेच्या प्रवेशाचं सांगणं चालूच होतं.

मी पूर्वी एका छापखान्यात डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रकं, पंचायतीचे अहवाल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी मोबाइलवर स्वयंपाक बघायला लागल्या. मधुरा बाचल यांच्या मराठी पाककृती तेव्हा घरोघरी चालू असायच्या. पुढे २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे 'आपली आजी' म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीच्या झाल्या. आपल्या बोलीत, आपल्या ओट्यापुढे उभं राहून सांगितलेलं लोक मन लावून ऐकतात, हे त्या आजींकडे बघून मला पटलं. नाशकातली घरं, सण, बाजार आणि हातातली कामं यांचे व्हिडिओ मी तेव्हापासून करते.

या कामात पहिली ओढाताण वेळेची असते. साठ सेकंदांत सगळं बसवा, पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरून ठेवा, असं जो तो सांगतो. कुरडई साठ सेकंदांत दाखवता येते. सोऱ्यातून पडणारी गोल गोल पांढरी वेटोळी, मग कढईत फुललेली कुरडई, संपलं. बघायला छान वाटतं. पण ते बघून कुणाला कुरडई करता येत नाही, आणि करता येत नसेल तर मावशींनी मला गच्चीवर बोलावून घेतलं कशाला, हा प्रश्न माझ्यापुढे राहतोच. म्हणून मी लांब व्हिडिओ करते. गहू कोणता, पाणी किती, आंबूस वास कितपत चालतो, चीक पातेल्याच्या तळाला लागायला लागला तर काय करायचं, सगळं त्यात असतं. बेंगळुरूहून एका मुलीचा फोन आला होता, पावसाळी हवेत चीक नीट बसेना म्हणून. मावशींना विचारून मी तिला सांगितलं, आणखी एक रात्र थांब. कॅनडातल्या एका सुनेने तळघरात पंख्याखाली कुरडया वाळवल्या आणि तळून फोटो पाठवला. फुलल्या होत्या. मावशींना तो फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "मीठ थोडं जास्त झालं असणार, रंगावरून कळतं. पण पोरीने केलं हो."

संथ गोष्ट कशी दाखवायची हे मला दादासाहेब फाळक्यांकडून कळलं. ते आमचेच. ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ मध्ये नाशकातच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहलीत सगळी मुलं तिथे जाऊन येतात. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, ते सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र त्याच्या आधीचा त्यांचा एक प्रयोग जास्त जवळचा वाटतो. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढली. ते दाखवून त्यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळवलं. हिंदुस्थानात चित्रपटाला पैसे उभे राहिले ते एका वाटाण्याच्या वेलीवर, ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी मला भरून येतं. आणि त्याच घरात सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायला बसायच्या. त्यांचं नाव स्मारकाच्या सहलीत मुलांना कुणीतरी आवर्जून सांगावं.

फाळक्यांचं बघून मीही गव्हाच्या पातेल्यापुढे रोज ठरलेल्या वेळेला मोबाइल ठेवला. पहिल्या दिवशी दाणे तळाशी, मग फुगलेले, मग पाण्यावर बुडबुडे, शेवटी चीक आणि निवळ वेगळे झालेले. हा तुकडा अर्ध्या मिनिटाचाही नाही. पण लोक मला भेटले की त्याच्याबद्दलच बोलतात. आजीच्या घरी असंच पातेलं कोपऱ्यात असायचं, त्याला हात लावला की रट्टा बसायचा, असं सांगतात. आणि गरम चिकात गूळ-तूप घालून खाल्लेलं आठवतं, हे तर प्रत्येक जण सांगतो.

जुन्या तांबट लेनमध्ये मी कल्हईचा व्हिडिओ केला. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं आणि आत कल्हई नसेल तर ते कळकतं, हे आमच्या पिढीला ऐकूनच माहीत. आता पितळी कढया पुन्हा घरात यायला लागल्यात, पण कल्हई कुठे करून मिळते हे विचारत फिरावं लागतं. एका काकांनी मला भट्टीजवळ बसू दिलं. भांडं आधी स्वच्छ घासून घेतलं, भट्टीवर धरून तापवलं, कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवला. पांढरा धूर उठला, नाकात झोंबला. मग कथलाची कांडी नुसती टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं असं पुस्तकात आहे. काकांना आकड्याची गरज नव्हती. कांडी टेकवल्याबरोबर ओघळली की तापलं. बोळा गोल फिरला आणि काळपट पितळेच्या आत चांदीसारखी लकाकी पसरत गेली. हे मी एका दमात, न कापता दाखवलं. पण काकांनी एक अट घातली होती. म्हणाले, "ताई, धुराचं पण सांगा. पोरं घरात गॅसवर करायला बघतील." मी ते अगदी सुरुवातीलाच सांगितलं.

अशी अट मला मोलाची वाटते. मंडईत भाजी विकणाऱ्या एका आजींनी मला वालाच्या बिरड्याचं सोलणं दाखवलं आणि सांगितलं, "हात दाखव, चेहरा नको." तेव्हा पूर्ण व्हिडिओभर हातच आहेत. भिजलेला वाल अंगठ्याने दाबून साल उडवणारे, नखं झिजलेले हात. काय दिसावं हे ज्याचं काम आहे त्याने ठरवायचं, असं मी मानते. ज्यांना हवं त्यांचं नाव मी पहिल्या ओळीत देते, नको असेल तर देत नाही. आणि व्हिडिओचे पैसे येतात त्यातला वाटा त्यांना देते. यूट्यूबवर लांब व्हिडिओंवर जाहिरातींची कमाई सुरू व्हायला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघितले जाणं लागतं. ते तास माझ्या चेहऱ्यावर भरलेले नाहीत, मावशींच्या मनगटावर भरलेत.

पैशावरून आठवलं. एका मसाल्याच्या कंपनीच्या माणसाने मावशींचा व्हिडिओ बघून मला गाठलं. रक्कम चांगली होती. त्याचं म्हणणं, मावशींना नऊवारी नेसवा, गच्चीवर चूल मांडा, मागे शेणाने सारवलेली भिंत दिसू द्या. मावशी घरात मॅक्सी घालतात आणि गॅसच्या शेगडीवर चीक घोटतात. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "चुलीपुढं डोळे चोळण्यात निम्मा जन्म गेला. गॅस आला तेव्हा मी देवाला नारळ फोडला. आता फोटोसाठी परत धूर खाऊ?" मी कंपनीला नाही कळवलं. पैसे घेऊन जाहिरात केली तर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे, हे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण मावशींच्या आयुष्यातून गॅसची शेगडी पुसून टाकली हे कुठे लिहून कळवणार? आमचं आजचं घर जसं आहे तसंच मराठी आहे, मिक्सरसकट आणि प्लॅस्टिकच्या कागदावर वाळणाऱ्या कुरडयांसकट.

रंगपंचमीला मात्र सगळं नाशिकच कॅमेऱ्यापुढे असतं. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात, रंग खेळायचा तो पंचमीला आणि तो रहाडीत. रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी बांधणीचा हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर तो ओंडके आणि माती टाकून झाकलेला असतो, वरून रिक्षा-स्कूटर जातात, आणि बाहेरगावच्या माणसाला आपण रहाडीवर उभे आहोत याचा पत्ताही नसतो. पंचमीच्या आधी ती उकरायची, धुवायची, पूजा करायची. शनी चौकाचा रंग गुलाबी, तिवंधा चौकाचा पिवळा, असं ठरलेलं. मोठ्या कढयांतून फुलापानांचा रंग उकळून रहाडीत सोडतात आणि मग पोरं धप्पा मारतात. बाजूला उभे असलेले एका उडीत भिजून निघतात.

धप्प्याचे व्हिडिओ हजारोंनी निघतात आणि निघावेत, तो आनंदच तसा आहे. मी तिकडे जाते ती रहाड उघडताना. माती काढणारी मंडळी, दगडाच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी, कढईखाली लाकडं सारणारे, आणि ओंडके कुठल्या क्रमाने काढायचे यावर होणारे वाद. एका म्हाताऱ्या बाबांना तो क्रम तोंडपाठ होता. मी तो ओंडक्यागणिक चित्रित करून घेतला आणि चौकातल्या पोरांना पाठवून दिला, सगळ्यांसाठी टाकला नाही. तो त्यांच्या उपयोगाचा आहे.

आता सिंहस्थ येतोय. आखाडे, हत्ती-घोडे, शाही स्नान सगळं जग दाखवेल. मी पंचवटीतल्या एका उपाध्यायांशी बोलून ठेवलंय. यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नामावळ्या त्यांच्याकडे आहेत, पणजोबांच्या सहीची पानं आहेत. वही कशी बांधतात, गावावरून नाव कसं शोधतात, नवीन नोंद कशी करतात, एवढं दाखवायला त्यांची हरकत नाही. पान मात्र फक्त माझ्याच घराण्याचं उघडायचं, असं त्यांनी बजावलंय. त्यासाठी मला आधी वडिलांच्या मूळ गावाचं नाव नक्की करायला हवं. आत्याला विचारलंय, ती चुलत्यांना विचारून सांगणार आहे.