चपला बाहेर काढण्याचे दिवस

१९९०च्या दशकात आमच्या सांगली भागातल्या पतसंस्थांमध्ये संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. कारण धुळीचं सांगत, पण त्यात भक्तिभावही होता. आम्ही तिघं भागीदार या पतसंस्थांसाठी फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायचो. १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांचा डबा मांडीवर घेऊन मी एसटीने तासगाव, विटा, इस्लामपूर करायचे. वीज गेली की इंडेक्स फाइल बिघडायची आणि रीइंडेक्स होईपर्यंत काउंटरवर रांग खोळंबायची. पडद्यावर मराठी अक्षरं हवी असली तर सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवावं लागे. ते सगळ्यांना परवडत नसे.

त्या काळी बँका बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर देत. रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं ते १ एप्रिल २०१० पासून. आमच्या पतसंस्थाही बँकांचाच नियम पाळायच्या. प्रोग्रॅममध्ये तो चार ओळींत बसला. मग एका पतसंस्थेत रोखपालाशेजारी बसून काम पाहताना कळलं, की १० तारीख रविवारी आली तर ते सोमवारचा भरणाही १० तारखेचाच धरतात. ११ला पैसे भरणाऱ्या म्हाताऱ्या खातेदाराचं महिन्याचं व्याज बुडू नये, एवढाच हेतू. हे कुठल्याही उपविधीत लिहिलेलं नव्हतं. त्यावरून आम्हा भागीदारांत रात्री उशिरापर्यंत कडाक्याचा वाद झाला. एकाचं म्हणणं, नियमात नाही ते प्रोग्रॅममध्ये नको. मी म्हणत होते, की ही माणुसकी आपण यंत्र आणून मोडायची नाही. शेवटी अशा सोमवारी व्यवस्थापकाला विचारणारा एक प्रश्न पडद्यावर आला. मला अजूनही वाटतं, आमच्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती.

आणि मग उद्घाटन! मॉनिटरला हळदकुंकू, नारळ, चेअरमनांचं भाषण, पेढे. त्यानंतर कित्येक महिने कीर्द-खतावणी हातानेही लिहायची आणि संगणकातही भरायची. दोन्हींची तेरीज जुळली की पतसंस्था आमच्या कामाचे उरलेले पैसे देई.

आता माझी भाची बेदाण्याच्या शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करते आहे. ती एकटीच आहे. क्लॉड कोड या एआय साधनाला मराठी-इंग्रजी मिसळून सांगते आणि आम्हाला ज्याला महिना लागायचा, तो तक्ता दुपारच्या जेवणापर्यंत तयार असतो. अशी साधनं महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. पैसे घ्यायला यूपीआय आहे, सर्व्हर भाड्याने मिळतो. एसटी नाही, फ्लॉपी नाही. इस्रायलच्या माओर श्लोमोने एकट्याने सुरू केलेली बेस४४ ही अवघी सहा महिन्यांची सॉफ्टवेअर कंपनी विक्स या मोठ्या कंपनीने जून २०२५मध्ये ८ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा भाचीने मला ती बातमी किती आनंदाने दाखवली! मलाही मनापासून आनंद झाला. आमच्या काळात ज्याच्याकडे कल्पना होती, पण भागीदार मिळाला नाही, त्याची कल्पना वहीतच राहिली. अशा वह्या मी पाहिल्या आहेत.

तरी भागीदारांबरोबरच्या त्या भांडणांची आठवण येते. हे नवं साधन फार आज्ञाधारक आहे. जे मागाल ते करून देतं, चुकीचं मागितलं तरी बऱ्याचदा 'छान कल्पना' म्हणत करून देतं. भाचीने आधी सरळ हिशेब मांडला होता: ज्याचा माल, त्याच्या नावे शीतगृहाचं भाडं. पण सौद्यात बेदाणा विकला गेला, तरी व्यापारी तो बऱ्याचदा त्याच शीतगृहात ठेवतो. बॉक्स जागचा हलत नाही आणि मालक बदलतो. मग सौद्याच्या दिवसापर्यंतचं भाडं शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापायचं की व्यापाऱ्याच्या खात्यावर टाकायचं? याचं उत्तर तासगावच्या एका दिवाणजींच्या डोक्यात होतं. मी तिला त्यांच्या शेजारी दोन दिवस बसायला पाठवलं. ती आली ती वही भरून. अर्धे तक्ते तिने मोडले आणि संध्याकाळपर्यंत नवे उभे केले. वेग नव्या काळाचा आणि बैठक जुन्या काळाची, असं काम मी पहिल्यांदाच पाहिलं आणि भारावून गेले.

तेव्हापासून ती मला संध्याकाळी पडदे दाखवते, आणि माझं काम हरकत घेणं. सध्या वाद चालू आहे तो नमुन्यासाठी फोडलेल्या बॉक्समधल्या घटीचा. ती म्हणते, ती शेतकऱ्याच्याच वजनातून वजा करायची, कारण रीत तशीच आहे. मी म्हणते, ही घट पट्टीवर वेगळ्या ओळीत छापलीच पाहिजे, म्हणजे आपले किती किलो गेले ते शेतकऱ्याला दिसेल. नवा हंगाम सुरू होण्याआधी यावर निर्णय व्हायला हवा.