बर्फ नसेल तेव्हा कुत्री कुठे असतात?

कॅनडातली डॉग स्लेजिंगची टूर कशी निवडायची? गूगलनं हात टेकले. उत्तर मिळालं जालना जिल्ह्यात, हुरड्याच्या आगटीसमोर!

'अगं, टूर तू निवड. मला ऑफिसातून डोकं वर काढायला वेळ नाही!'

कॅलगरीहून मैत्रिणीचा मेसेज आला आणि मी जाम खूश झाले. मास कॉमला असताना आम्ही दोघी होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती आता तिकडे नोकरी करते, मी इकडे पुण्यात फ्रीलान्सिंग. तिकीट दिवाळीतच काढलं होतं, व्हिसाही हातात पडला होता. प्लॅन एकदम सिंपल. फेब्रुवारीच्या शेवटी कॅलगरी गाठायचं, तिथून गाडीनं साधारण १०० किलोमीटरवर, रॉकी पर्वतातल्या कॅनमोर गावात तीन दिवस राहायचं. हेच ते गाव, जिथे १९८८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्कीइंगच्या काही शर्यती झाल्या होत्या. आणि तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे डॉग स्लेजिंग. बिनचाकाची, बर्फावरून घसरत जाणारी गाडी आणि ती ओढणारी सहा-आठ कुत्री. सही ना?

पण निवडायला बसले आणि टेन्शन आलं. दोन तासांच्या टूरचे माणशी दोनशे डॉलरच्या वर! म्हणजे बारा-तेरा हजार रुपये. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर दोन-तीन लेखांचं मानधन, तेही वेळेवर मिळालं तर. शेवटी तीन टूर्स शॉर्टलिस्ट केल्या. पहिली सगळ्यात स्वस्त. वीस मिनिटांची चक्कर, दिवसभर चालू, कधीही या. दुसरी एकदम पॉश. फरचे कोट, फोटोशूट, वर हॉट चॉकलेट. तिसरीची वेबसाइट अगदीच साधी, पण प्रत्येक कुत्र्याचा फोटो आणि नाव दिलेलं. रिव्ह्यू म्हणाल तर तिन्हींना साडेचारच्या वर स्टार. आता बोला!

हुरडा आणि हस्की

याच घोळात जानेवारीचा शेवटचा वीकेंड आला आणि मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी गेले. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांबपासून फार लांब नाही. जालना म्हटलं की लोकांना स्टीलचे कारखाने आठवतात, बियाण्यांच्या कंपन्या आठवतात, फार तर मोसंबी. हिवाळ्यातली सुट्टी घालवायला जालन्याला या, असं कुणी म्हणत नाही. पण एकदा जानेवारीत पहाटे आमच्या शेतात उभे राहा. ज्वारीवर दव, तोंडातून वाफ आणि गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं. हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा... आमचं विंटर व्हेकेशन हेच!

आगटीशेजारी बसून मी मोठ्या काकांना मोबाइलवर ते तीन व्हिडिओ दाखवले. काकांनी आयुष्यभर बैलांवर शेती केली. त्यांची सर्जा-राजाची जोडी आम्हा भावंडांना घरातल्या माणसांसारखी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला काका बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप लावायचे. वर्षभर जू वाहिलेला खांदा तो, त्याला नुसतं चोळायचं नाही, नीट बघायचंही, असं ते सांगायचे.

त्यांनी तिन्ही व्हिडिओ शांतपणे बघितले. मग म्हणाले, 'कुत्री पळतानाच दाखवायलेत सगळे. उभी असलेली कुठं दाखवली?'

मी म्हटलं, 'काका, पळणारीच तर बघायची असतात!'

'बाजारात बैल पळवून दाखवतो तो दलाल,' काका म्हणाले. 'घेणाऱ्यानं उभा बैल बघायचा.'

आणि मग मला फुकटात मास्टरक्लास मिळाला! जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारी आमची माणसं. पण भावाआधी काय काय बघतात, ठाऊक आहे? जुवाखालचा खांदा सोललाय का. खूर कसे आहेत. दात किती, म्हणजे वय काय. धनी जवळ आला की जनावर मान पुढे करतं की अंग चोरतं. रोज किती वेळ जुंपतात आणि दुपारच्या उन्हात सोडतात की नाही.

'आणि शेवटचं,' काका आगटीत काडी सारत म्हणाले, 'काम नसंल तवा जनावर कुठं असतं, ते इचारायचं. कामाच्या दिवसांत समदेच खाऊ घालतात गं पोरी.'

एवढं बोलून ते गप्प झाले. का, ते आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं. २०१२-१३ चा दुष्काळ मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही आणि जालना जिल्ह्याला त्याचा फटका सगळ्यात जास्त बसलेल्यांपैकी होता. प्यायला पाणी नाही, तिथे कडबा कुठून आणणार? त्या उन्हाळ्यात काकांनी सर्जा-राजाला बाजारात नेलं. संध्याकाळी एकटेच परत आले. नंतर भाड्याचा ट्रॅक्टर आला. जोडी कुणी घेतली, हे काकांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

तिकडचा ट्रॅक्टर

पुण्याला परतल्यावर मी वाचायला घेतलं. आणि कळलं की बर्फातल्या कुत्र्यांची गोष्ट आपल्या बैलांपेक्षा फार वेगळी नाहीच.

उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांसाठी हे कुत्रे म्हणजे बैल, घोडा आणि शिकारीतला साथीदार, तिन्ही एकात. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा २० चालकांनी आणि सुमारे १५० कुत्र्यांनी आळीपाळीनं हजारेक किलोमीटर पळून साडेपाच दिवसांत औषध पोहोचवलं. १९६० च्या दशकात मात्र बर्फावरची मोटरगाडी, म्हणजे स्नोमोबाइल आली आणि कुत्र्यांचं काम गेलं. हाच तिकडचा ट्रॅक्टर! कॅनडाच्या पोलिसांची कुत्र्यांच्या गाडीवरची शेवटची गस्त १९६९ मध्ये झाली. त्यानंतर उरल्या त्या शर्यती आणि तुमच्या-माझ्यासारखे टुरिस्ट.

म्हणजे आज बहुतेक ठिकाणी या कुत्र्यांचं पोट आपल्या बुकिंगवर चालतं. मग बुकिंग कमी झालं की?

याचं उत्तर वाचून माझी झोप उडाली. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकनंतर कॅनडातल्याच व्हिसलर या स्की-गावात पर्यटक घटले आणि तिथल्या एका टूर व्यवसायातली कितीतरी कुत्री मारून पुरण्यात आली. प्रकरण बाहेर आलं ते थेट जानेवारी २०११ मध्ये. सुरुवातीला आकडा आला होता सुमारे १००. पुढे तपासात पन्नासहून जास्त कुत्र्यांचे अवशेष जमिनीतून उकरून काढले गेले. त्यानंतर ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी वेगळे नियमच केले.

आपल्याकडेही हा वाद नवा नाही. बैलगाडा शर्यती, आमच्याकडचा शंकरपट, यांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बंदी घातली होती. २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला आणि शर्यतींचा मार्ग मोकळा झाला. पळवावं की पळवू नये, यावर आपण तावातावानं भांडतो. पण शर्यत संपल्यावर दावणीला काय चालतं, हे कितीजण विचारतात?

काकांची प्रश्नपत्रिका

मी काकांचे प्रश्न इंग्रजीत लिहिले आणि तिन्ही टूरवाल्यांना मेल टाकला. तुम्ही अशी टूर बुक करणार असाल, मग ती कॅनडातली असो, फिनलंडमधली नाहीतर नॉर्वेतली, तर हे बिनधास्त कॉपी-पेस्ट करा:

१. एक कुत्रा दिवसाला किती फेऱ्या करतो? आठवड्यात सुट्टी किती?
२. पट्ट्याखालची कातडी आणि पायाच्या गाद्या कोण तपासतं, कधी?
३. कुत्री साखळीला किती वेळ असतात? मोकळी कधी सोडता?
४. हवा गरम झाली तर टूर रद्द करता का? पैसे परत मिळतात का?
५. म्हातारी झालेली कुत्री कुठे जातात?
६. उन्हाळ्यात, बर्फ नसताना, सगळी कुत्री कुठे असतात?
७. टूरच्या आधी आम्हाला कुत्री उभी असताना बघता येतील का?

स्वस्त टूरवाल्यांकडून उत्तर म्हणून डिस्काउंट कोड आला. पॉश टूरवाल्यांनी लिहिलं की कुत्री म्हणजे आमचं कुटुंब आहे. खाली एक बदाम. सातपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तिसऱ्या टूरचा मेल दोन दिवसांनी आला, पण चांगला पानभर. साधारण नऊ-दहा वर्षांची झाली की कुत्री निवृत्त होतात, काहींना लोक दत्तक घेतात, उरलेली आमच्याकडेच असतात. उन्हाळ्यात कमाई नसते, तेव्हा हिवाळ्यातल्या पैशांवरच त्यांचं खाणं-पिणं चालतं, म्हणून आमची टूर महाग आहे. आणि हो, रात्री कुत्री साखळीला असतात. ते तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण येऊन बघा.

ही साखळीची ओळ वाचून मी अडखळले. काकांना फोन लावला. ते म्हणाले, 'दावणीला बांधावंच लागतं. सोडायची येळ सांगितली का त्यानं?' सांगितली होती. रोज सकाळी आणि संध्याकाळी, कुंपणातल्या मोकळ्या जागेत.

बुकिंग डन!

चिनूकनं केला घोटाळा

आता खरी गंमत. आम्ही कॅनमोरला पोहोचलो आणि चिनूक सुटला. रॉकी पर्वत ओलांडून येणारा हा कोरडा, उबदार वारा. काही तासांत थंडीचं पाणी करून टाकतो. टूरच्या दिवशी तापमान शून्याच्या वर सात-आठ अंश! आम्ही खूश, जाकिटं काढून फिरतोय. तेवढ्यात फोन आला. आज गाडी निघणार नाही. कुत्र्यांच्या अंगावर दाट केस, घाम यायची सोय जवळपास नाहीच, धापा टाकूनच काय ती उष्णता बाहेर टाकायची. अशा हवेत दोन माणसं ओढायला लावली तर ती तापतात. परवा पहाटे थंडी परतेल, तेव्हा या. नाहीतर पैसे परत.

मैत्रीण भडकलीच. 'तुझ्या त्या सात प्रश्नांमुळे झालंय हे सगळं! ती स्वस्तवाली टूर आजही चालू आहे, बघ.' खरंच चालू होती. माझ्याही मनात आलं, जाऊन यावं का गपचूप? सात समुद्र ओलांडून आलोय, परत कधी येणार? पण दुपारच्या उन्हात औत सोडणारे काका आठवले. त्या दिवशी आम्ही नुसत्याच थ्री सिस्टर्स नावाच्या तीन शिखरांकडे बघत कॉफी पीत बसलो. एकमेकींशी न बोलता!

तिसऱ्या दिवशी पहाटे उणे चौदा. डोंगरातल्या रस्त्यानं वर गेलो, तर कुत्र्यांचा आवाज आधी आला आणि कुत्री नंतर दिसली. निळ्या डोळ्यांची गुबगुबीत हस्की बघायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. गाड्या ओढणारी बरीचशी असतात अलास्कन हस्की. ही शुद्ध जात नाही, कामासाठी निवडत आणलेला संकर. सडपातळ, वीस-पंचवीस किलोची. गावच्या कुत्र्यासारखीच वाटतात! पण जुंपायला घेतली की नुसती उड्या मारतात, केकाटतात, दोरी कुरतडतात. मी आधी एकेकाच्या पट्ट्याखाली हात घालून खांदा चाचपून बघितला. गाइड हसला, पण अडवलं नाही. सोललेला एकही नव्हता.

मग त्यानं नांगर काढला आणि एकदम सगळं शांत. भुंकणं बंद. फक्त बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांचा आवाज आणि आठ कुत्र्यांचे श्वास. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. चाबूक नाहीच. मैत्रिणीनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाली, 'ओके. यू वेअर राइट.'

परत आलो, तेव्हा तंबूत शेगडीजवळ एक म्हातारं कुत्रं पसरलं होतं. बारा वर्षांचं. गाडी ओढत नाही आता, पण मागे ठेवलं तर रडतं, म्हणून रोज गाडीत बसून येतं, असं गाइडनं सांगितलं. मी त्याचा व्हिडिओ घेतला.

कॅनमोरला येऊन काकांना कॉल लावला. तिकडे रात्रीचे अकरा. एरवी नऊला झोपणारे काका जागे होते. मी पळणारी कुत्री दाखवली, बर्फ दाखवला, डोंगर दाखवले. काका हूं हूं करत राहिले. मग ते म्हातारं कुत्रं दाखवलं.

'याला असंच ठेवलंय? काही काम न करता?'

'हो, काका.'

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

मग म्हणाले, 'परत एकदा दाखव बरं.'