वामनवृक्ष

झाड लावावें, त्याला पाणी घालावें आणि तें वाढेल तसें वाढूं द्यावें, एवढेंच उद्यानशास्त्र आम्हांस ठाऊक होतें. म्हणूनच नोकरीसाठीं बंगळुरास निघालेल्या कन्येनें गेल्या दिवाळींत वीतभर उंचीचा नांदरुक आमच्या मेजावर ठेवून ‘बाबा, एवढा सांभाळा,’ असें बजावलें, तेव्हां तें काम आम्हांस अगदींच किरकोळ वाटलें.

बोन्सायला आपल्याकडे वामनवृक्ष म्हणतात. हें नांव ज्यानें योजिलें, त्यानें असें झाड स्वतः पाळलें असलें पाहिजे. पहिल्या पावलानें या बटूनें आमची खिडकी व्यापिली, दुसऱ्यानें सकाळचा वेळ. आणि तिसरें पाऊल आमच्या डोक्यावर पडावयास महिनाही लागला नाहीं.

त्याचें असें झालें. सकाळीं आम्ही त्याला पाणी घालूं, कॉलेजांतून परतल्यावर घालूं, आणि रात्रीं निजतांना आणखी एक पेला. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. तहान भागत नसावी, या तर्कानें आम्हीं पाणी वाढविलें. पानें अधिकच गळलीं. दर रविवारीं मुलगी फोनवर विचारी, ‘झाड कसं आहे?’ ‘उत्तम!’ निबंधांत खरें तेंच लिहा, असें विद्यार्थ्यांना तीस वर्षें सांगत आलेल्या आमच्या तोंडून हा शब्द मोठ्या सहजतेनें निघे.

अखेर शेजारचे आबा आले. त्यांचें सारें आयुष्य उसांत गेलेलें. त्यांनीं कुंडींत बोट खुपसलें, माती हुंगली आणि म्हणाले, ‘सर, ह्याला तहान न्हाई. ह्याला तुम्ही बुडवलाय.’ मुळांना पाण्याइतकाच वाराही लागतो, आणि आमची काळी माती तर ओल धरून बसते, हें त्यांनीं समजावून दिलें. पाण्यावर पाणी देऊन चोपण झालेलीं रानें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं.

आम्ही ओशाळलों, कारण आम्ही पळसदेवचे. भीमेवर १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें आमचा जुना गांव पोटांत घेतला. उन्हाळ्यांत जलाशय फार खालावला म्हणजे पळसनाथाचें मंदिर वर येतें, आणि आम्ही तें पाहावयास जातों. ज्या पाण्यानें गांव बुडविला, त्याच पाण्यावर येथला ऊस उभा राहिला. बाळपणापासून पाण्याचीं हीं दोन्ही रूपें पाहूनही एका कुंडीपुरतें शहाणपण आम्हांस आलें नव्हतें!

आबांच्या देखरेखीखालीं आम्हीं झाड उपटलें, कुजलेलीं मुळें कापलीं, कुंडीचीं बुजलेलीं भोकें मोकळीं केलीं आणि जाड मुरूम व विटांचा चुरा मिसळून माती भरली. मेजावरून झाडाची रवानगी सकाळचें ऊन येणाऱ्या ओसरीवर झाली.

त्या रविवारीं आम्हीं कन्येला सारें खरें सांगितलें. ती रागावली नाहीं. हंसून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही मलाही दिवसांतून तीनदा विचारता, जेवलीस का म्हणून!’

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तो तिसरा पेला झाडासाठीं नव्हताच. घर रिकामें झाल्यावर हातांना कांहीं तरी काम हवें होतें.

झाड वांचेल असें अजून छातीठोकपणें सांगवत नाहीं. रात्रीं मात्र संवयीनें आम्ही पेला भरून ओसरीवर जातों. मातींत बोट घालून पाहतों. ओल लागते. मग तो पेला आम्हीच पिऊन टाकतों.