अकुरेची चिठ्ठी

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. "माझं अकुरे गेलं रे," ते म्हणाले. "टँकरचं पाणी घातलं, त्यात क्लोरीन जास्त होतं बहुतेक. सकाळी सगळे तळाशी. तुझ्याकडची थोडी अंडी पाठव."

मी "हो, पाठवतो" म्हणालो आणि फोन ठेवला. घरी टबात चाळीसेक मासे होते. त्यातला एक तरी अकुरे आहे, असं मी शपथेवर सांगू शकलो नसतो.

किलीफिश या नावात 'किल' असलं तरी त्याचा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत छोट्या ओढ्याला 'किल' म्हणतात. आमचे मासे गार्डनेरी, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या ओढ्यांमधले. १९११ साली त्यांना हे शास्त्रीय नाव मिळालं. नराचं अंग निळं-हिरवं, त्यावर लाल ठिपके, शेपटीला किनार. पण प्रत्येक भागातल्या नराचा रंग थोडा वेगळा असतो. म्हणून पाळणारे माशाच्या नावापुढे गाव लिहितात: अकुरे, मकुर्डी, मिसाजे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अकुरे हे मला कुणाचं तरी आडनाव वाटलं होतं. ते नायजेरियातलं एक शहर आहे.

काकांनी मला पाच वर्षांपूर्वी ओल्या कोकोपीटमध्ये अंडी दिली. पिशवीवर बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी होती. "दुसऱ्या गावच्या माशात मिसळू नकोस. एवढंच," ते म्हणाले होते.

खरं तर मला माशांच्या गावाची पर्वा शिकवली ती एका दुकानाने. लहानपणी आजोळी, कोकणातल्या ओढ्यात, एक मासा दिसायचा. अंगावर उभे पट्टे आणि डोक्यावर चांदीचा टिकला. पुढे मुंबईत एका दुकानात 'गोल्डन वंडर' नावाचे पिवळेधमक मासे पाहिले. त्यांच्याही डोक्यावर तोच टिकला! तो आमच्याच ओढ्यातल्या माशाच्या जातीचा होता. कुणीतरी टाकीत पिढ्यान् पिढ्या पिवळेच निवडत गेलं आणि ओढ्याचा रंग मागे राहिला. आपणही तेच करतो. सगळ्यात झळझळीत नर जोडीसाठी ठेवतो. नकळत मासा आपल्या आवडीसारखा होत जातो.

मी केलेली चूक मात्र आवडीची नव्हती, आळसाची होती. गेल्या वर्षी घर बदललं. अकुरे आणि मकुर्डी, दोन टब होते. नर वेगळे नेले, माद्या मात्र एकाच बादलीत घातल्या. नव्या घरी बादलीत डोकावलो आणि पोटात गोळा आला. गार्डनेरीच्या माद्या तपकिरी असतात, त्यावर थोडे लाल ठिपके. कुठली कोणत्या गावची, काही कळेना. मी अंदाजाने वाटणी केली आणि कुणाला सांगितलं नाही.

नंतर पिल्लं वाढली. काही नर हुबेहूब काकांच्या माशांसारखे निघाले. तीच तर पंचाईत होती. अंडी पाठवली असती तर काकांनाही कळलं नसतं. त्यांनी ती पुढे वाटली असती, माझं खोटं त्यांच्या अक्षरात.

मला फुर्झेरी किली आठवला. झिंबाब्वेतून १९६०च्या दशकाच्या शेवटी आणलेली त्याची एक जात प्रयोगशाळांत म्हातारपणाच्या अभ्यासासाठी वाढवतात, कारण ती काही महिनेच जगते. तिचे नर पिवळ्या शेपटीचे. मोझांबिकहून आणलेल्या दुसऱ्या जातीचे लाल शेपटीचे. दोघांच्या संकरातून शास्त्रज्ञांनी शेपटीच्या रंगाच्या जनुकाची जागा शोधली. हे जमलं, कारण कुठला मासा कुठला हे कुणीतरी वर्षानुवर्षं नीट लिहून ठेवलं होतं. रंग डोळ्यांना दिसतो. गाव माणसाने सांगावं लागतं.

रात्री मी काकांना फोन केला. बादलीचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

"वर्ष झालं याला?"

"हो, काका."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर माझ्याकडच्या माद्या दिल्या असत्या."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते म्हणाले, "बरं झालं, अंडी पाठवण्याआधी बोललास. मासे सांभाळ, पण कुणाला देऊ नकोस."

मी टबावरची चिठ्ठी काढली. नवी लिहिली: 'गार्डनेरी. गाव माहीत नाही.' मासे होते तेवढेच सुंदर दिसत होते.

काकांनी जुनी वही काढून, पूर्वी कुणाकुणाला अंडी दिली होती त्या सगळ्यांना फोन लावले. एकाकडे अकुरे अजून होतं. महिन्याने त्यांचा मेसेज आला: अकरा पिल्लं फुटलीत.

खाली आणखी एक ओळ होती. "वाढली की एक जोडी तुला. या वेळी बादल्या दोन घे."