मोसंबीसाठी एक टेलर

आमच्या गावाकडं ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरला 'टेलर' म्हणतात. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे सुरुवातीला हा शब्द दुरुस्त करायचा माझा आग्रह असे. २०१९ च्या मे महिन्यापासून मी स्वतःही टेलरच म्हणतो.

त्या वर्षीचा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरलेलं नसेल. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते. औरंगाबाद शहरात आम्ही नळाची वाट बघत होतो आणि खुलताबादच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, अब्बांची मोसंबीची बाग वाळत होती. पावणेदोन एकर, १८० झाडं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अब्बांनी स्वतःच्या हातानं लावलेली. बोअर मार्चमध्येच आटला. त्यानंतर अब्बा रोज झाडाखाली बसून पानं चुरगळून बघत. पान कडक वाजलं की काही न बोलता पुढच्या झाडाकडं जात.

बागेवरून माझ्यात आणि भाईजानमध्ये चार वर्षं अबोला होता. ईदला गळाभेट, एरवी फक्त सलाम. २०१३ च्या दुष्काळात औरंगाबाद-जालन्याकडच्या कितीतरी मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. भाईजान तेव्हापासून म्हणत होता, ही बाग आपल्याला पोसणार नाही, तोडून टाकू, जमीन विकू. मी विरोध केला. तेव्हा तो एकच वाक्य बोलला, ''तुम्हारी पगार एक तारीख को आती.'' ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

पाणी अगदी नव्हतंच असं नाही. रस्त्याकडच्या शेजारी काकांच्या विहिरीत रोज थोडा वेळ मोटार चालेल इतकं येत होतं. ते म्हणाले, ''मास्तर, माझी झाडं तर गेली. तुमची तरी जगवा.'' पण विहीर ते बाग दोन किलोमीटर. मध्ये नाला, नाल्यानंतर उघड्या काळ्या खडकाचा चढ आणि चढावर काटकोनी वळण. ट्रॅक्टरचा टँकर त्या वळणावर फिरत नाही. एकदा आणला होता, तो तासभर अडकून माघारी गेला. जाऊ शकत होती फक्त भाईजानची जुनी कमांडर जीप. जीपमध्ये पाणी किती मावणार? मागं काहीतरी जोडायला हवं होतं.

ही कल्पना काही माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यानं विलिस जीपमागं पाव टनी ट्रेलर लावला होता. बँटम कंपनीनं तो बनवला, चाकं जीपचीच ठेवली म्हणजे एकच जादा टायर दोन्हीकडं चालेल, आणि पेटी अशी बंद केली की नदीत तो तरंगत असे. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत त्याच विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. म्हणजे कमांडर ही त्या जीपची नातच. आजीमागं जे चाललं ते नातीमागं का चालणार नाही, एवढाच माझा हिशेब.

रोशन गेटजवळच्या एका गल्लीत माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. दहावीला तो मराठीत दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा सराव परीक्षेचे पेपर मीच तपासले होते. मी काम सांगितल्यावर म्हणाला, ''सर, टेलर सिलाना है या बनाना है?'' आणि स्वतःच हसला. रमजान सुरू होता. रोज्यात दिवसा वेल्डिंगच्या धगीजवळ बसणं शक्य नाही, म्हणून काम तरावीहनंतर. रात्री साडेदहाला शटर अर्धं वर, आत निळा उजेड, आणि सहरीच्या हाकेपर्यंत आम्ही दोघं.

एक्सल भंगारात मिळाला, जुन्या जीपचा, हबसकट. त्याचा मोठा फायदा हा की दोन चाकांमधलं अंतर जीपइतकंच. कच्च्या वाटेवर हे फार महत्त्वाचं. जीपची चाकं ज्या चाकोरीतून गेली त्यातूनच टेलरची जातात, नाहीतर एक चाक चाकोरीत आणि एक धोंड्यावर. टायर सहा-सोळा, जीपचेच. पाटे दोन बाजूंना, पण ट्रकचे नाही. ट्रकचा जाड पाटा रिकाम्या टेलरला उड्या मारायला लावतो. म्हणून पातळ पाटे, त्यातलाही एकेक पान काढून टाकलेला. खाली तीन इंची चॅनेलची चौकट, पुढं दोन चॅनेल तिरके येऊन टोकाला मिळतात ते जू, आणि टोकाला जाड लोखंडी कडी.

त्या रात्री मी विद्यार्थी होतो आणि तो सर. त्यानं मला सूत शिकवलं. एका इंचात आठ सूत, सगळे मिस्त्री यातच बोलतात. ''तीन सूत बाएँ,'' म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर डावीकडं. चौकट काटकोनात आहे का हे बघायला त्यानं गुण्या नाही लावला, समोरासमोरचे कोपरे दोरीनं मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट सरळ. उर्दू शाळेतल्या भूमितीत आम्ही कर्णाला 'वतर' म्हणतो. अरबीत वतर म्हणजे धनुष्याची दोरी. आणि ज्या पाट्यांवर टेलर उभा राहणार होता त्यांना तो 'कमानी' म्हणत होता, फारसीतली कमान, म्हणजे धनुष्य. मी हे त्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं काच खाली ओढली आणि म्हणाला, ''हौ सर, आँखां बंद करो.''

आता चूक सांगतो. एक्सल कुठं बसवायचा हे ठरवताना तो म्हणाला, ''सर, थोडा पिच्छे लेते. आगे वजन रहना.'' मी म्हणालो, नको, बरोबर मध्यात घे, तोल मध्यातच असतो. तराजूचं उदाहरणही दिलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ''जैसा आप बोले.'' मी त्याचा सर नसतो तर तो माझ्याशी भांडला असता.

जीप मागायला मी भाईजानकडं गेलो. तो म्हणाला, ''अब्बांना विचार.'' अब्बा ओसरीवरच बसले होते, त्यांनी मान हलवली. किल्ली पुतण्याच्या हातानं माझ्याकडं आली. एक गोष्ट मी आधीच ठरवली होती, टेलर डांबरी रस्त्यावर न्यायचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी लागते, आणि घरी जोडलेल्या लोखंडाला ती सहजासहजी कोण देणार? शहरातून गावापर्यंत तो एका टेम्पोत पाहुण्यासारखा झोपून आला.

विसाव्या रोज्याच्या आसपासची सकाळ. टेलरवर ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी. पहिलीच खेप म्हणून मी ती पाऊणच भरली. वजन कमी म्हणजे धोका कमी, असा मास्तरी विचार. जीप मी चालवत होतो. पंधरा वर्षांचा पुतण्या मागून चालत होता, गाडी थांबली तर चाकाखाली लावायला हातात एक दगड.

नाला पार झाला. चढाला लागलो आणि टाकीतलं पाणी मागं गेलं. भरलेल्या टाकीतलं पाणी इतकं हलत नाही, पाऊण टाकीतलं मोकळं पळतं. पाण्याचं वजन एक्सलच्या मागं सरकलं, पुढची कडी वर उचलली गेली आणि तिनं जीपचं ढुंगणही थोडं उचललं. ही जीप फोर बाय फोर नाही. जी मागची चाकं ओढणार तीच हलकी झाली आणि खडकावर फिरायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला, हिसके बसले, आणि हिसक्या-हिसक्यानं हूकमधली पिन वर सरकत निघाली. मला एकदम जीप हलकी झाल्यासारखी वाटली. आरशात पाहिलं तर टेलर उलट्या दिशेनं जात होता, पुतण्याकडं.

तो बाभळीच्या बाजूला उडी मारून वाचला. टेलर नाल्याच्या काठावरच्या धोंड्याला आदळून आडवा झाला, टाकी फुटली, पाणी खडकावरून वाहून गेलं. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय माझे नव्हते. पुतण्याच्या हातात तो दगड तसाच होता. काट्यांनी कोपर फाटलं होतं, बाकी काही नाही. अल्हम्दुलिल्लाह एवढाच शब्द तोंडातून निघाला, तोही अर्धा.

भाईजान वीस मिनिटांत आला. त्यानं आधी मुलाचा हात पाहिला, मग दुसरा, मग मान. मला वाटलं आता चार वर्षांचं सगळं निघणार. तो टेलरजवळ उकिडवा बसला, कडी एका हातानं उचलून पाहिली. ती सहज उचलली गेली. ''इतना हल्का?'' म्हणाला. ''बैलगाडी को भी जू पे थोडा वजन रहता. बैल के गले से जू उठा तो गाडी उलटी होती ना?''

बैलगाडीचं मला सुचलंच नव्हतं. ज्या गावात मी टायरच्या बैलगाडीवर बसून लहानाचा मोठा झालो, तिथंच मी तराजूचं उदाहरण घेऊन आलो होतो.

दोन दिवसांनी माझा विद्यार्थी मोटारसायकलवर वेल्डिंगचं सामान बांधून गावात आला. भाईजाननं शेजाऱ्याकडून जनरेटर आणला. एक्सल सहा इंच मागं घेतला. आता भरलेल्या टेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग पुढं हूकवर यायला लागला, एकट्यानं कडी उचलता येईना. पिनेला खाली भोक पाडून कॉटर घातला. दोन साखळ्या जूखालून एकमेकींना ओलांडून जीपच्या चॅनेलला, म्हणजे पिन निघाली तरी कडी साखळ्यांच्या झोळीत पडेल. टाकी काढून २०० लिटरचे दोन पिंप, काठोकाठ भरून, झाकण आवळून. आणि भाईजानची एक अट, चढावर मागं माणूस नको. दगड हवा असेल तर बाजूनं.

मी त्या मुलाला विचारलं, तुला आधीच माहीत होतं ना? तो ग्राइंडर साफ करत म्हणाला, ''सर, आपकू कैसा बोलता मैं.''

मग रोज तीन खेपा. एका खेपेत ४०० लिटर, झाडाला २० लिटर, म्हणजे २० झाडं. तीन दिवसांत १८० झाडांचा एक फेरा. मोसंबीला हे पाणी म्हणजे काहीच नाही, रोजेदाराला एक खजूर. पण बुंध्याभोवती वाळलेलं गवत आणि तुरीचं भुसकट अंथरलं होतं, ओल टिकली. जीप भाईजान चालवायचा. मी पिंपाच्या नळाला पाइप लावून झाडं मोजायचो. पहिले दोन दिवस आमच्यात फक्त ''हो'', ''थांब'', ''चल'' एवढंच. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, शाळा कधी सुरू होते.

५ जूनला ईद झाली. पाऊस मात्र जून सरत आला तेव्हा आला. १८० पैकी ४७ झाडं गेली. ती भाईजाननंच तोडली, अब्बांनी दाखवली तीच आणि तेवढीच. उरलेल्या १३३ वर पुढच्या वर्षी फळ आलं, बारीक आणि जाड सालीचं. बाजारात भाव पडून मिळाला. बाग परवडते का या प्रश्नावर भाईजानचं मत बदललेलं नाही, आणि हिशेबाच्या वहीत बहुधा तोच बरोबर आहे.

टेलर आता बांधावरच्या लिंबाखाली असतो. खत, क्रेट, कडबा, कधी शेळी, सगळं त्यातून जातं. पावसाळ्याआधी हबमध्ये ग्रीस भरावं लागतं, नाहीतर बेअरिंगमध्ये पाणी जाऊन ती आवाज करायला लागते. दर मे महिन्यात भाईजानचा फोन येतो. सलाम झाला की पहिला प्रश्न, ''टेलर में ग्रीस मारना है. कब आते?''