थंडीनं न जाणारी अळी

आमचे मामू मका करतात. पोंग्यात भुसा दिसला की म्हणतात, “थंडी पडली की जाईल ही.” मला वाटतं, आधी ती कोण हे बघावं. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असले, तर ती अमेरिकन लष्करी अळी. तिचा राखाडी-तपकिरी पतंग रात्री उडतो. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट डाग असतो.

हा पतंग अमेरिका खंडातला. तिथे तो दक्षिण फ्लोरिडा, टेक्साससारख्या उबदार भागात हिवाळा काढतो आणि उन्हाळ्यात पिढीगणिक उत्तरेला सरकत कॅनडापर्यंत पोहोचतो. तिकडच्या कडाक्यात मरतो. २०१६ साली तो आफ्रिकेत आढळला, २०१८ साली कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात.

मामू, आपल्याकडे तसली थंडी कुठे पडते? तिकडचा हंगामी प्रवासी इथे बारमाही राहू शकतो. म्हणून वाट बघू नका. पानांवरचे अंडीपुंज हातानंच चिरडा, पोंगे उघडून बघा. अळी मोठी होऊन आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. खर्च मात्र होतोच.